लीटीकाकांचं दुपटं

आमच्या गल्लीत कुणाकडे बाळ जन्माला आलं की पहिला फोन आजोळी जायचा आणि पहिला माणूस लीटीकाकांकडे. त्या माणसाने रिकाम्या हाताने जाऊन चालत नसे. घरातलं धुऊन धुऊन मऊ झालेलं एखादं सुती लुगडं किंवा धोतर काखेत मारून जायचं, काकांच्या ओट्यावर ठेवायचं आणि मुलगा की मुलगी ते सांगायचं. काकांचं तेवढ्यावर समाधान होत नसे. ते विचारत, "लांबी किती?" बाळाचं वजन सगळ्यांना पाठ असे, लांबी कुणालाच ठाऊक नसे. मग काका असा चेहरा करत, की एवढे लोक दवाखान्यात जाऊन आले ते नेमकं काय बघून आले. बारशाच्या सकाळी मात्र दुपटं तयार असे. छोटंसं, पाळण्यात मावेल एवढं, आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मशीनने घातलेल्या सरळ रेघा.

फक्त रेघा. फूल नाही, वेल नाही, कोयरी नाही. कुणी हौसेने म्हणालं, "काका, मध्ये एक ससा काढा ना," तर ते म्हणत, "ससा पळून जाईल." आणि विषय संपे.

लग्न होऊन मी नाशिकहून बडोद्याला आले तेव्हा नव्वदीचं दशक नुकतं लागलं होतं. रावपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत एकाच आडनावाची दोन घरं समोरासमोर होती. एक आमचं, एक लीटीकाकांचं. ते माझ्या सासऱ्यांचे लांबचे भाऊ लागत. दोन्ही घरांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. आमचे घोड्यावर आणि त्यांचे पायी, हे मला सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच समजावून सांगितलं. सासूबाईंना घरात सगळे आईसाहेब म्हणत. नाशकात आमच्याकडे 'ए आई' म्हणायची पद्धत, त्यामुळे सुरुवातीला मला आपण नाटकात काम करतोय असं वाटायचं.

लीटी म्हणजे गुजरातीत रेघ. काका गोरव्याच्या एका कारखान्यात मार्किंगला होते. लोखंडाच्या पत्र्यावर निळा रंग फासून टोकदार सळीने रेघ मारायची आणि पुढच्या माणसाने त्या रेघेवर कापायचं, असं ते काम. बरोबरचे गुजराती कामगार त्यांना 'सीधी लीटी' म्हणत. त्यातला 'सीधी' वाटेत कुठेतरी गळला आणि लीटी घरापर्यंत आली. पुढे परदेशी यंत्रं आली. त्यांना कापायला रेघ लागत नाही. कारखान्याने जुन्या लोकांना मुदतीआधीच निवृत्त व्हायला सांगितलं आणि काका एक पोलादी फूटपट्टी घेऊन घरी आले. काही दिवस ते ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या मुलींचे भांग तपासत. मग एक दिवस काकूंच्या पायमशीनवर बसले, ते उठलेच नाहीत.

"मला वाटलं, माणूस बेठा बेठा कंटाळलाय, शिवू दे एखादा अभ्रा," काकू मला सांगत. "आता माझंच मशीन मला हवं तर अर्जी करावी लागते, बोल. माझं ब्लाऊज बघ ने, होळीपासून पडलंय."

आईसाहेबांना हा सगळाच प्रकार नापसंत होता. फौजेतल्या माणसाचा नातू शिलाई मशीन चालवतो, आणि तेही उघड्या खिडकीपाशी, हे त्यांना अपमानासारखं वाटे. त्या काकांना भावजी म्हणत, सणावाराला फराळाचं ताट पाठवत, पण त्यांच्या घरात कधी पाऊल टाकत नसत. काकांना ते कळत होतं. त्यांची खिडकी बरोबर आमच्या दारासमोर येई आणि आईसाहेब बाहेर निघाल्या की मशीनचा आवाज जरासा हळू होई.

मी मात्र पुष्कळदा तिथे जाऊन बसे, कारण काकूंचा चहा चांगला असे. काकांचं काम ठरलेलं होतं. जुनं कापड धुऊन, इस्त्री करून त्याचे थर जमिनीवर पसरायचे. लांब लांब कच्चे टाके घालून ते एकमेकांना धरून ठेवायचे, नाहीतर मशीनखाली खालचा थर पुढे पळतो आणि वरचा मागे राहतो. मग साबणाच्या झिजलेल्या वडीने बरोबर मधोमध एकच रेघ आखायची. पहिली शिवण तिच्यावर. त्यानंतर काही आखायचं नाही. आधीच्या शिवणीला मशीनचा कापड दाबणारा पाय चिकटवून चालवला की दुसरी रेघ पहिलीसारखीच येते. खाली पोचलं की दोरा तोडायचा आणि पुन्हा वरून सुरुवात. बाकीच्या बायका वेळ वाचवायला एक रेघ खाली जाताना आणि दुसरी वर येताना घालत. तसं एखादं दुपटं हाती आलं की काका सांगत, "हे दोन्ही बाजूंनी ओढलंय. यावर मूल आडवं झोपणार." गंमत म्हणजे काही मुलं खरंच आडवी झोपत.

आणि शिवण सुरू असताना बोलायचं नाही. सुई एकदा कापडात उतरली की खालच्या टोकापर्यंत थांबणं नाही, मग पाहुणा येवो की फोन वाजो. आलेल्या माणसाला काकू दारातच सांगत, "बेसा, रेघ चालू आहे." हे वाक्य गल्लीत इतकं मुरलं होतं, की कुणी न्हाणीत असलं आणि बाहेर कुणी शोधत आलं तरी घरचे म्हणत, रेघ चालू आहे. काका ऐकत सगळं. उत्तर मात्र रेघ संपल्यावर देत, आणि ज्या क्रमाने प्रश्न आले त्याच क्रमाने देत. एकदा काकूंनी विचारलं, दूध किती घेऊ. तेवढ्यात मी धावत येऊन सांगितलं, की माझे वडील जिन्यात पडले, पाय मोडलाय, मी नाशकाला निघालेय. मशीन थांबलं. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अर्धा लिटर." मग चष्मा काढला आणि म्हणाले, "कुठला पाय?"

रेघ सोडली तर या माणसाचं सरळ असं काही नव्हतं. अक्षर उतरणीला लागलेलं. चाल एका अंगाला झुकलेली. स्कूटर तर आडवी कलंडून, थोडा वेळ विश्रांती देऊन मगच सुरू होणारी. बोलणं सगळ्यांत वाकडं. साखर हवी असली की ते आमच्या दाराशी येऊन आधी डभोईच्या रस्त्याची चौकशी करत, तिथून उसाच्या पिकावर येत, आणि तेवढ्यात आम्ही वाटी भरून पुढे केली की आश्चर्य वाटल्यासारखं दाखवत. मनातली गोष्ट थेट तोंडाने सांगणं त्यांना जमतच नसे. लग्नाच्या पंगतीत मात्र वाढप्याला बाजूला सारून ते पानांची ओळ सरळ करत. गल्लीवरून केबलच्या वायरी गेल्या तेव्हा वायरींना मध्ये पडलेला झोल बघून काकांना दोन दिवस जेवण गेलं नाही, असं काकू म्हणत. मला ते खरं वाटतं.

आता फेट्याचं सांगते. आमच्या घरात घोड्यावरच्या पूर्वजांचं म्हणून जे उरलं होतं ते म्हणजे एक रिकामं म्यान आणि एक फेटा. तलवार कुठे गेली यावर घरात निरनिराळी मतं होती, सगळीच घराण्याला शोभणारी. फेटा मात्र खरा होता. लांबच लांब, मलमलीसारखा तलम, एकेकाळी केशरी आणि आता चहा सांडून वाळल्यासारख्या रंगाचा. तो पत्र्याच्या पेटीत, एका जुन्या लुगड्यात गुंडाळलेला असे. खंडेनवमीला बाहेर निघे, म्यानाशेजारी पाटावर बसे, झेंडूचं फूल घेई आणि परत आत जाई. सासरे लवकर गेले, जमिनी त्याआधीच गेल्या होत्या, मुलगा रिफायनरीत पाळ्या करू लागला. घराणं म्हणून कुणाला दाखवायला आईसाहेबांकडे तो फेटाच होता. मुलाच्या लग्नातसुद्धा त्यांनी तो बांधू दिला नव्हता.

माझी मुलगी जन्मली तेव्हा त्यांनी मुलाला सांगितलं, "पेटीत माझ्या सासूबाईंचं लुगडं आहे, ते समोर देऊन ये." काकांविषयी मत काहीही असो, तान्ह्या बाळाला नवं कापड लावायचं नाही आणि जन्माआधी काही शिवायचं नाही, हे त्यांनाही मान्य होतं. पेटीत आईसाहेबांच्या सासूबाईंची लुगडी दोन होती. एक मोकळं आणि एक गुंडाळलेलं. माझा नवरा रात्रपाळी करून आलेला. त्याने हाताला लागलं ते गाठोडं उचललं, समोर नेऊन दिलं आणि येऊन झोपला. जाताना एवढंच म्हणाला, "काका, आईने पाठवलंय."

काका दुपटं नेहमी काकूंच्या हाती पाठवत. आमच्या बारशाला ते स्वतः आले. अंगात कोट होता. दुपटं आईसाहेबांच्या समोर धरून म्हणाले, "वहिनीसाहेब, तुम्ही पाठवलंत. आता बघून घ्या." आईसाहेब पाहुण्यांच्या गडबडीत होत्या. त्यांनी वरून हात फिरवला. नेहमीच्या दुपट्यांहून ते जास्त मऊ होतं आणि रेघा इतक्या जवळजवळ होत्या की हाताला नांगरलेल्या शेतासारख्या लागत. त्या म्हणाल्या, "छान आहे, भावजी." काकूंनी मला नंतर सांगितलं, की ते दोन शब्द घेऊन हा माणूस संध्याकाळपर्यंत कोट न काढता खुर्चीवर बसून होता.

खंडेनवमीला पेटी उघडली. मोकळं लुगडं होतं, गुंडाळलेलं नव्हतं. आईसाहेबांनी पेटी उलटी केली, मुलाला हाक मारली, कुठलं गाठोडं दिलं ते विचारलं, आणि मग पाळण्यातून दुपटं काढून त्याची कड नखाने उसवली. आतून तो विटका केशरी रंग दिसला. आईसाहेबांनी पायात चपला घातल्या आणि गल्ली ओलांडून लीटीकाकांच्या घरात शिरल्या. मुलीला कडेवर घेऊन मी मागोमाग गेले.

आत मशीन चालू होतं. काकू घाबरून म्हणाल्या, "बेसा ने वहिनीसाहेब, रेघ चालू आहे."

आईसाहेब बसल्या नाहीत. त्या उभ्या राहूनच बोलल्या. घराणं, फेटा, पणजोबा, आयुष्यभर जपलेली ती एक वस्तू, आणि न विचारता तिला सुई लावणारा माणूस, हे सगळं त्यांनी त्या चालत्या मशीनला सांगितलं. काकांची मान खाली होती, पाय हलत होते आणि कापड पुढे सरकत होतं. त्यांचे कान लाल होताना मला दिसत होते. माझ्या आयुष्यात मी एवढी लांब रेघ पाहिली नाही. शेवटी सुई टोकाला पोचली. काकांनी दोरा तोडला.

"तुम्हीच पाठवलात ना?" ते म्हणाले.

"मी? मी लुगडं पाठवलं. पोराने चुकून गाठोडं उचललं."

काकांनी आईसाहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या दोऱ्याकडे. बारशाला कोट घालून ते का आले होते ते मला तेव्हा कळलं. आपल्या मशीनला नाक मुरडणाऱ्या घराने घरातली सगळ्यांत मोठी वस्तू विश्वासाने आपल्या हाती दिली, असं त्यांनी धरलं होतं. इतके दिवस ते त्या समजुतीत होते. मला फार वाईट वाटलं.

"कात्री लावलेली नाही," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते विषयावर सरळ आले असावेत. "लुगडं कापलं. फेटा नुसता घडीवर घडी करून आत घातलाय. कापायला हात धजला नाही. उसवून देतो."

"द्या," आईसाहेब म्हणाल्या.

त्या वर्षी पाटावर नुसतं म्यान बसलं. फेटा दिवाळीच्या तोंडावर परत आला. तलम कापडाला चीर जाऊ नये म्हणून काकांनी ब्लेड वापरलं नव्हतं. सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून काढला होता. फेटा धुऊन, इस्त्री करून काकूंनी आणून दिला. कुठे फाटला नव्हता, पण उजेडात धरला की बारीक भोकांच्या ओळी दिसत. आईसाहेबांनी तो पाण्यात बुडवून बघितला, हाताने चोळून बघितला. भोकं बुजली नाहीत.

काकांनी मशीन बंद करून त्यावर चादर टाकली. लोक कापड घेऊन यायचे, तर काकू सांगत, त्यांचे डोळे दुखतात. पुढे लोकही येईनासे झाले. घरोघरी लुगडी जाऊन इस्त्रीशिवाय चालणाऱ्या सिंथेटिक साड्या आल्या होत्या आणि बाजारात अस्वलाची चित्रं असलेली गुबगुबीत ब्लँकेटं मिळू लागली होती. "मशीन मिळालं बघ मला," काकू एकदा म्हणाल्या. "आता बेसवतच नाही त्याच्यावर." काका ओट्यावर बसत, पण भांग बघत नसत. समोरून आईसाहेब निघाल्या की उठून आत जात. दोन्ही घरांची फराळाची ताटं चालू होती, बोलणं बंद होतं.

फेटा दर खंडेनवमीला निघतच होता. पहिल्या वर्षी आलेल्या-गेलेल्याला आईसाहेबांनी भोकं दाखवली आणि सांगितलं, वस्तू नासवली. दुसऱ्या वर्षी सांगितलं, पण नासवली हा शब्द आला नाही. मग एका नवमीला डभोईहून त्यांच्या माहेरचे एक गृहस्थ आले. त्यांनी फेटा उचलून खिडकीशी धरला आणि म्हणाले, "अरेरे, कुठल्या अडाण्याने ही वाट लावली?"

आईसाहेबांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "आमच्या भावजींनी घातल्यात त्या रेघा," त्या म्हणाल्या. "एक तरी वाकडी दाखवा."

गृहस्थ बघू लागले. आम्हीही बघू लागलो. दाखवता आली नाही. त्यानंतर दर वर्षी फेटा उजेडात धरायचा आणि पाहुण्याला वाकडी रेघ शोधायला लावायची, हा आमच्याकडे नवमीचा भागच झाला. समोरच्या घरात हे कुणी सांगितलं नाही. काकूंना मी सांगणार होते, पण आईसाहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी विचार सोडला.

काही वर्षांनी मला मुलगा झाला. दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईसाहेबांनी पेटी उघडली. फेटा काढला, मागे राहिलेलं लुगडं काढलं, दोन्ही काखेत मारली आणि गल्ली ओलांडली. आमच्या खिडकीतून मला समोरचं सगळं दिसत होतं आणि त्या काही हळू बोलणाऱ्या बाई नव्हेत. काका ओट्यावरून उठून आत निघाले होते.

"बसा, भावजी," त्या म्हणाल्या. "यात भोकं आहेत."

"आहेत," काका म्हणाले.

"ती बुजत नाहीत."

"नाही बुजायची. कापड म्हातारं झालंय."

"मग त्याच भोकांतून शिवा."

काका परत ओट्यावर टेकले आणि रस्त्याकडे बघू लागले. मला वाटलं, आता डभोईचा रस्ता निघणार. आईसाहेबांनी फेटा त्यांच्या मांडीवर ठेवला. "या वेळी मी स्वतः आणलाय," त्या म्हणाल्या.

काकांनी फेट्याचं टोक बोटांत धरून चाचपलं. "मशीनला जुनी भोकं सापडायची नाहीत," ते म्हणाले. "हाताने घालावं लागेल. वेळ लागेल."

"मला कुठे जायचंय?"

हाताच्या टाक्याला ते नेहमी हसत. तो माणूस सतरंजीवर फेटा पसरून जुनी मोड शोधत बसला. घडी नेमक्या त्याच मोडीवर पडली की सगळ्या थरांतली भोकं एकाखाली एक येतात आणि सुई जोर न लावता आत जाते. काकांची नजर अधू झाली होती. म्हणून आईसाहेब रोज दुपारी जाऊन त्यांच्यासमोर पाटावर बसत आणि सुयांत दोरे ओवून ठेवत. लीटीकाकांचं दुपटं बारशाला तयार नाही, असं गल्लीत पहिल्यांदाच घडलं. बाळाला तोवर कुणीतरी दिलेल्या अस्वलाच्या ब्लँकेटात ठेवलं होतं.

एका दुपारी बाळाला घेऊन मी समोर गेले. सतरंजीवर दोघांची डोकी खाली झुकलेली. काका टाका उचलत होते, आईसाहेब सुईच्या टोकाकडे बघत होत्या. काकू आत झोपल्या होत्या. मी दारातून विचारलं, "आईसाहेब, चहा ठेवू का?"

काकांनी मान वर केली नाही. आईसाहेबांनीही केली नाही. त्यांनी फक्त तळहात माझ्या दिशेने वर धरला.

"थांब, सूनबाई," त्या म्हणाल्या. "रेघ चालू आहे."

बाळाला घेऊन मी उंबऱ्यातच उभी राहिले.